मारा किक, मास्तर

एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यातली ही भरदुपारची गोष्ट. गंगापूर रोडवर माझं गॅरेज होतं. सावळीराम मास्तर बायकोला घेऊन बुलेटवर पिंपळगावला निघाले आणि गाडी नेमकी माझ्या दारात बंद पडली.

मालनबाई गाडीच्या पलीकडच्या बाकावर टेकल्या. मी मास्तरांना किकपाशी उभं केलं, अलीकडच्या बाजूला उकिडवा बसलो आणि प्लग काढून इंजिनाला टेकवला. नजर प्लगवरच ठेवली.

"मारा किक, मास्तर."

किक बसली. ठिणगी नाही. मी पॉइंट पॉलिश पेपरने घासले.

"मारा."

ठिणगी पडली, पण पिवळट. आणखी घासले. एरवी दोन किकमध्ये धापा टाकणाऱ्या मास्तरांच्या पायात आज भलताच जोर होता.

"मारा."

या खेपेला निळी, कडक ठिणगी उडाली. "आला करंट," मी म्हणालो.

"आला का?" मास्तर माझ्या पाठीमागून बोलले. दोन्ही हातांत चहाचे ग्लास घेऊन ते रस्ता ओलांडत होते. "तुम्ही प्लग काढायला घेतलात, तेव्हाच गेलो होतो. टपरीवर ही गर्दी."

मी उठून उभा राहिलो. किकपाशी कोणीच नव्हतं.

"वहिनी, इथं किक कोण मारत होतं?"

"तुम्हीच की, लियाकतभाई," मालनबाई हसल्या. मग वाकून त्या गाडीखालून अलीकडे बघू लागल्या.

"पण प्लग धरून खाली बसले होते, ते कुठं गेले?"