बसायची चोरी

"अजून ओल आहे," वडील म्हणाले आणि त्यांनी कापूस औषधात बुडवला.

ड्रायव्हर पलंगावर पालथा पडला होता, तोंड उशीत. औषध झोंबलं तसे त्याने दात आवळले. अजून ओल आहे, हे तो इतके दिवस ऐकत होता की आता त्याला रागही येत नव्हता, नुसता कंटाळा यायचा.

दुखणं माकडहाडापाशी होतं. सीटवर बसून बसून केस कातडीत शिरले, आत पोकळी झाली, तिच्यात पू धरला. डॉक्टरांनी त्याला कसलंसं लांबलचक नाव सांगितलं, चीर देऊन पू काढला आणि बजावलं, जागा रोज साफ करा, आजूबाजूला केस वाढू देऊ नका. भरलं तर उत्तम. नाही तर ऑपरेशन करून सगळंच खरवडून काढावं लागेल.

अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, असं म्हणतात. इथे जावई नव्हता, बाप होता. आणि बापाने जन्मभर सलून चालवलेलं, त्यामुळे वस्तरा घरातच होता.

पंचाईत एवढीच की बापलेकाचं बोलणं नव्हतं. मुलाने दुकानात उभं राहायला नकार दिला आणि बसची नोकरी धरली, तेव्हापासून वडिलांनी त्याच्याशी बोलणं सोडलं. दुकानाला कुलूप लागलं. आई होती तोवर निरोप तिच्यामार्फत जायचे. ती गेल्यावर "जेवलास?" आणि "हो", एवढाच व्यवहार उरला.

पण दिवसभर आरशांतून मागचं बघणाऱ्या माणसाला स्वतःचं मागचं थोडंच दिसतं? शेवटी त्याने एक दिवस खाली मान घालून विचारलं. वडिलांनी उठून वस्तऱ्याला धार लावली.

तोंड उशीत असलं की बोलायला सोपं जातं, हे मग दोघांनाही कळलं. वडील हळूहळू गिऱ्हाइकाशी बोलावं तसं बोलू लागले. कुणाचं टक्कल कसं झाकलं, कोण खुर्चीतच घोरायचा, आई पहिल्यांदा दुकानाच्या दारात आली तेव्हा हात हलून एका मास्तरांची अर्धी मिशी कशी उडाली. ड्रायव्हर उशीत हसायचा. हलू नकोस रे, म्हणून वडील कमरेवर चापट मारायचे.

डेपोत मात्र हसणारे दुसरे होते. त्याला गाडीवरून उतरवून चौकशीच्या खिडकीत उभं केलं होतं. कंडक्टर येता-जाता म्हणायचा, बसचा ड्रायव्हर आणि बसायचीच चोरी. पहिल्यांदा ड्रायव्हरही हसला होता. पण जेवण उभ्याने आणि झोप एका कुशीवर, असे महिने निघाले की विनोद शिळा होतो. जीव नुसता विटून गेला होता. त्यात साहेबांनी बोलावून सांगितलं, एक तारखेला गाडीवर या, नाही तर खिडकी कायमची.

कापून घ्यावं तर कंडक्टरच्या मेहुण्याची गोष्ट आठवायची. तो बिचारा ऑपरेशन करून घरी पडून राहिला आणि वर्षात दुखणं पुन्हा हजर. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"आरसा दाखवा ना," त्या संध्याकाळी तो म्हणाला. "गिऱ्हाइकाला मानेमागचं दाखवायचात तो."

"पारा उडालाय त्याचा."

"हल्ली कपड्याला डाग पडत नाही."

"आतल्या आत वाहतंय," वडील म्हणाले. कापूस गुंडाळून तो नेहमीप्रमाणे स्वतःच टाकून आले.

ड्रायव्हर कुशीवर वळला. मग म्हणाला, "उद्या डॉक्टरांकडे जातो. कापूनच घेतो आता."

"घाई करू नकोस. भरेल."

"कधी?"

वडिलांनी बाटलीचं बूच घट्ट बसवलं. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून त्याने सांगितलं की ऑपरेशननंतर ड्रेसिंगला नर्स घरी येते, तुम्हीही सुटाल ह्यातून. वडील मोरीत गेले आणि बराच वेळ वस्तरा धूत राहिले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्याला टेबलावर पालथं झोपवलं. हातमोजे चढवले, दिवा जवळ ओढला, दाबून पाहिलं, पुन्हा दाबलं. ड्रायव्हर डोळे मिटून पडून होता. काय ते एकदाचं होऊन जाऊ दे, असं त्याला झालं होतं.

परतताना बसमध्ये जागा होती. तो सवयीने उभा राहिला, मग निम्म्या वाटेवर बसला.

वडील दारातच होते. कापूस, बाटली मांडून ठेवलेली होती. वस्तरा मात्र पेटीतच होता.

"तारीख दिली?"

"नाही. ऑपरेशन नको म्हणाले. गाडीही चालवा म्हणाले." त्याने शर्ट खुंटीला अडकवला. "पण ड्रेसिंग रोज हवं. आणि घरच्याच माणसाने करायचं."

"किती दिवस?"

"ते काही बोलले नाहीत. लागतील तेवढे."

वडिलांनी पेटी उघडली. ड्रायव्हर पालथा झाला, तोंड उशीत घातलं. थंडगार पातं सावकाश कमरेखाली फिरू लागलं, कापूस लागला, नुकत्याच भादरलेल्या कातडीला औषध झोंबलं.

"अजून ओल आहे," वडील म्हणाले.

"असणारच," तो म्हणाला. "बाबा, त्या मास्तरांच्या मिशीचं पुढे काय झालं?"

वडील सांगू लागले. ऐकता ऐकता त्याला दुपारचे डॉक्टर आठवले. हातमोजे काढता काढता त्यांनी विचारलं होतं, "इथे तर काहीच नाही. कुठली जखम?"