बायकोसुद्धा

सगुणाने त्या सकाळी स्टोव्ह पेटवलाच नाही. अंघोळ करून, डोक्यावर पदर घेऊन ती ट्रंकेसमोर बसली आणि शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून वाचायला लागली. विठ्ठलवाडीच्या चाळीतली ती एकच खोली, त्यामुळे तिच्या नवऱ्याला, उत्तमला, सगळं अंथरुणातूनच दिसत होतं. शहाडच्या गिरणीत त्याची पहिली पाळी होती.

"अगं, डबा?" त्याने विचारलं.

"थांबा. आधी प्रभू," ती म्हणाली आणि पुढच्या ओळीवर बोट ठेवलं.

आदल्या संध्याकाळी याच खोलीत प्रार्थनासभा झाली होती. चर्चच्या पाळकसाहेबांनी आपल्या विश्वासाची साक्ष द्यायला सांगताच उत्तम उभा राहिला, घसा खाकरला आणि म्हणाला की आपल्या आयुष्यात पहिला प्रभू, त्याच्यापुढे कोणी नाही, बायकोसुद्धा. मंडळी आमेन म्हणाली. सगुणा तेव्हा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. प्रभू पहिला, याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. तिचाही तोच पहिला होता. तिला टोचला तो 'सुद्धा'. आणि एवढं बोलून, तिच्याकडे न बघताच, त्याने ट्रेमधला कप उचलला होता.

आता उत्तमला बोलायची सोय उरली नव्हती. कालच तशी साक्ष देऊन आज देवाचं वचन वाचणाऱ्या बाईला उठवायचं कुठल्या तोंडाने? तो गुपचूप दाढी करून आला. सगुणा येशूची वंशावळ वाचत होती. अब्राहामापासून निघून आत्ताशी दाविदापर्यंत पोचली होती आणि एकही नाव गाळत नव्हती.

खाटेवरून उत्तमच्या आईने, हौसाबाईंनी, डोकं वर काढलं. "देवानंतर कोणाचा नंबर ते लवकर ठरवा रे बाबांनो. मला चहा पायजे."

शेवटी उत्तम स्वतःच स्टोव्हपाशी बसला. गिरणीतली अवाढव्य यंत्रं त्याचं ऐकायची, पण हा वीतभर पितळी स्टोव्ह काही जुमानेना. त्याने पिन मारली, पंप मारला, पुन्हा पिन मारली. मग ज्वाळा एकदम उसळली आणि त्याची अर्धी भुवई घेऊन गेली. सगुणाचं बोट एका नावावर थबकलं. पण ती उठली नाही. चहा उतू गेला, पोहे कढईला लागले, आणि पाळीची वेळ टळून गेली.

करपलेल्यातले त्यातल्या त्यात बरे पोहे त्याने एका ताटलीत काढले आणि ती सगुणापुढे आणून धरली.

"प्रार्थना?" ती म्हणाली.

उत्तमची जेवणाआधीची प्रार्थना मंडळीत प्रसिद्ध होती. ती पाळकसाहेब, आजारी माणसं, गिरणीचे मालक, दिल्लीचं सरकार अशी सगळीकडे फिरून अन्न गार झाल्यावर परत यायची. सगुणाच्या दारावरून मात्र ती कधी गेली नव्हती. आज त्याने डोळे मिटले.

"प्रभू," तो म्हणाला, "ही सगुणा तू दिलीस. तुला ते सांगायचं राहूनच गेलं."

हौसाबाई आमेन म्हणाल्या आणि चहासाठी हात पुढे केला.

सगुणाने शास्त्र मिटलं नाही. नुसतं ट्रंकेवर जरा बाजूला सारलं आणि शेजारी ताटलीपुरती जागा केली.