गळ्यावरचा हात

भूलतज्ज्ञ एस्किलला काहीच दिसत नव्हतं. ऑपरेशनच्या टेबलावर तॉर्बयोर्न नावाचा अगडबंब कोळी पडलेला. आतड्याला पीळ पडून पोट तट्ट फुगलेलं, भूल दिल्यामुळे श्वास थांबलेला. घशातून श्वासनलिकेत नळी गेली तरच तो जगणार होता. एस्किलने घसा बघायच्या बोथट पात्याने जीभ उचलून धरली होती, आणि आत नुसतं गुलाबी मांस.

भूल विभागाची प्रमुख गुडवेग त्या गळ्यावर तीन बोटं रोवून उभी होती. पोटातलं वर येऊन फुफ्फुसात जाऊ नये म्हणून गळा असा दाबून धरायचा, ही तिने घालून दिलेली शिस्त. ती मोडायची कुणाची टाप नव्हती.

"खांद्याखाली आणखी एक उशी सरकव," एस्किल मारित नर्सला म्हणाला. डोकं वर आलं. तरी तेच.

"दिसलं का?" गुडवेगने विचारलं.

"नाही."

"मग इतका वेळ बघतोयस काय, देवमासे?" तिने आणखी जोर लावला.

एस्किलने पातं काढून मास्कने हवा द्यायला घेतली. हवा आत जाईना. प्राणवायूचा आकडा घसरू लागला.

"मारित, कॅमेरा दे."

"यांना टीव्ही लागतो!" गुडवेग कडाडली. "नाचता येईना, अंगण वाकडं. माझ्या वेळी डोळ्यांनी बघायचे."

सहा वर्षं असले टोमणे एस्किलने मुकाट ऐकून घेतले होते. आज टोमण्याची किंमत दुसराच माणूस मोजत होता.

मारितने गुडवेगकडे न बघता कॅमेऱ्याचं पातं त्याच्या हातात ठेवलं. पडदा उजळला. आता एकट्या एस्किललाच नाही, सगळ्यांनाच दिसत होतं. श्वासनलिकेचं तोंड होतं, पण एका अंगाला ढकललेलं, चेपलेलं. गुडवेगने बोटं दाबली तसं ते आणखी मिटलं.

"हात काढ," एस्किल म्हणाला.

"आणि पोटातलं वर आलं म्हणजे?"

"आलं तर मारित ओढून घेईल, शोषून घ्यायची नळी धरूनच उभी आहे ती. हा आत्ता मरतोय, गुडवेग. तुझ्या हाताखाली मरतोय! काढ हात!"

तिने हात उचलला. पडद्यावर स्वरतंतूंच्या दोन पांढऱ्या पट्ट्यांमधली काळी फट उघडली. एस्किलने नळी सरकवली. तॉर्बयोर्नची छाती वर आली, आकडा हळूहळू चढू लागला.

"बंद करा तो टीव्ही," गुडवेग म्हणाली. कुणीही जागचं हललं नाही.

कोळ्याच्या गळ्यावर तीन बोटांचे लालभडक वळ उमटले होते. गुडवेगने चादर त्याच्या हनुवटीपर्यंत ओढली.

एस्किलने ती खाली सारली. "राहू दे," तो म्हणाला. "हेही दिसू दे सगळ्यांना."