चार वाजता दुकान बंद

सुमेधानं राउटरची वायर उपसली आणि गेम सुरू केला. पडद्यावर चौकट आली: इंटरनेट जोडा. दुसऱ्या गेमलाही तीच चौकट. तिसऱ्यालाही.

"गुंजन, एकही चालत नाहीये गं," ती फोनवर नणंदेला म्हणाली. रडू अगदी तोंडाशी आलं होतं.

गुंजन नेदरलँड्समध्येच, पण दूर आल्मेरेला तापानं पडून होती. नाहीतर कधीच नायमेखनला येऊन वहिनीपाशी बसली असती.

"केवढ्या फाइल्स उतरवल्यास?"

"दोन-तीन एमबीच्या. भराभर उतरल्या, म्हटलं बरं झालं."

"अगं वहिनी, ते नुसते निरोपे! चालवले की दुकानाकडून खरा गेम मागवतात. दुकानच उठलं तर कुणाकडे मागणार? खाली ऑफलाइन इन्स्टॉलर असं लिहिलंय का बघ. त्यात आख्खा गेम असतो."

लिहिलेलं होतं. बारीक अक्षरात, पण होतं.

गेमचं ते ऑनलाइन दुकान आज चार वाजता कायमचं बंद होणार होतं. आता दीड वाजला होता आणि तिच्या नवऱ्याचे, हरिहरचे, गेम होते एकसष्ट. कॉम्प्युटरच्या चिप्सच्या चाचण्या घेण्यात जिची हयात चालली, ती बाई आठवडाभर फाइल्स गोळा करत बसली आणि एक चालवून बघायची अक्कल तिला आज सुचली. ऑफिसात दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तिनं त्याला फाडून खाल्लं असतं.

हरिहर तर कानीकपाळी ओरडत आला होता. "पैसे मोजले म्हणजे आपलं झालं असं नसतं, सुमे. नेट तोडूनही चाललं, तरच आपलं." खंडेनवमीला तो स्क्रू ड्रायव्हरच्या शेजारी हार्ड डिस्क मांडून तिला हळदकुंकू वाहायचा आणि सुमेधा पोट धरून हसायची. तीच डिस्क आता तिच्या मांडीवर होती. हरिहर कोविडनं एकोणीस दिवस व्हेंटिलेटरवर होता. रोज सकाळी ती हॉस्पिटलला विनवायची, निदान काचेतून तरी बघू द्या. रोज एकच उत्तर यायचं, नियम आहे.

"वहिनी, जेवलीस का तू? राहू दे ना ते गेम आता."

"राहू दे? घरी आल्यावर दोन महिने अंथरुणात काढायचेत त्याला. काय खेळेल तो?"

"सकाळी डॉक्टर काय म्हणाले?" गुंजननं विचारलं. तो प्रश्न सुमेधाला सहन होईना. तिनं फोन बंद केला आणि वायर परत जोडली.

मोठ्या फाइल्स मुंगीच्या पावलानं उतरत होत्या. पहिली उतरली तेव्हा तिनं वायर पुन्हा काढली. पडद्यावर एक नाव आली, पाणी हललं, संगीत सुरू झालं. चौकट नाही, काही नाही. सुमेधा एकटीच मोठ्यानं हसली, मग हसता हसता रडली. एक तरी त्याचा झाला होता.

तीन वीसला फोन वाजला. तेव्हा अकरा गेम झाले होते.

"मेव्रॉव, तुम्ही येऊ शकता," हॉस्पिटलची डॉक्टर म्हणाली; 'बाई' एवढं डचमध्ये, बाकी इंग्रजीत. "आत्ताच या. गाऊन, मास्क आम्ही देऊ. हवा तेवढा वेळ बसा."

एकोणीस दिवसांत तिच्याशी इतक्या हळुवारपणे कुणी बोललं नव्हतं. सुमेधानं टेबलाची कड घट्ट धरली.

"पण नियम आहे ना?"

"आज आम्ही अपवाद करतोय."

"नको. अपवाद नको. काल पाळलात तसा आजही पाळा नियम."

"मेव्रॉव, उशीर करू नका, प्लीज."

"मी येणार नाही!" ती किंचाळली. मग सुमेधा अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "मी आले की तुम्ही त्याला जाऊ द्याल."