माणसांतलं घर

शहरातला फ्लॅट विकून खेड्यात राहायला गेलेल्या दादाकडे धाकटी बहीण पहिल्यांदाच आली, आणि चहाचा कप हातात पडायच्या आत त्याची टकळी सुरू झाली.

"तुमच्या त्या खुराड्यांत शेजारी मेला तरी वास सुटेपर्यंत पत्ता लागत नाही! इथे कुणीही कधीही घरात येतं. माणसं आहेत इथे, माणसं!"

बहीण नुसती मान डोलवत राहिली. सहा महिन्यांत संत झालेल्या माणसाशी डोकं कोण लावणार?

तेवढ्यात फाटकावरची बेल वाजली. वहिनीने सवयीच्या हाताने खिडकीचा पडदा ओढला. दादाने मोबाइलवर कॅमेऱ्यात पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"शेजारचे काका आहेत. कुणी हलू नका, दोनदा वाजवतात आणि जातात."