भाईचा उमेदवार

"आवाज वाढव जरा," सुलतानबी थोरल्या लेकाला म्हणाली. तिला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, तरी सकाळच्या चहानंतर ती टीव्हीसमोरून हलली नव्हती.

रियाजनं आवाज वाढवला. तिकडे अमेरिकेत रात्र होती, इकडे लातुरात नुकतं उजाडलेलं. पडद्यावर अध्यक्षपदाचे दोन उमेदवार इराकच्या लढाईवरून एकमेकांना उत्तरं देत होते. एकानं अध्यक्ष म्हणून ती लढाई सुरू केलेली, दुसरा त्याला पाडायला उभा राहिलेला. रियाज तीन वर्षांपूर्वी तिकडचा नागरिक झाला होता. येत्या नोव्हेंबरात तो पहिल्यांदा मत देणार होता, आणि ते या दुसऱ्याला.

पण आज त्याचा जीव मतापायी टांगणीला लागला नव्हता. दाराशी त्याचा धाकटा भाऊ यासेर बॅगेवर गुडघा दाबून चेन ओढत होता. नऊच्या गाडीनं हैदराबाद, तिथून विमानानं कुवेत. काम ट्रकवरचं. पाण्याच्या बाटल्या भरायच्या आणि सरहद्द ओलांडून इराकात अमेरिकी फौजेच्या तळावर उतरवायच्या. त्या रस्त्यावरून ट्रकवाल्यांना पळवून नेतात, हे रियाजनं तिकडे बातम्यांत पाहिलं होतं. रजेवर घरी आल्यापासून तो भावाला अडवत होता.

"निवडणूक होऊस्तर थांब," तो रोज सांगायचा. "आमचा माणूस आला की लढाई बंद होती. मंग कशाला जीव घालतोस?"

शेवटी यासेर म्हणाला होता, "ठीक हाय भाई. शुक्रवारी दोघं बोलणार ना टीव्हीवर? तुमचा माणूस बंद करतो म्हणला, तर मी तिकीट माघारी देतो."

यासेर शब्दाला पक्का होता. किल्लारीच्या भूकंपानंतर नवी गावं बसली, तेव्हा सिमेंटच्या ट्रकवर तो गाडी शिकला. गावं बांधून झाली आणि ते काम सरलं. आता तो रेणापूरहून क्लासची पोरं आणणारी दुसऱ्याची जीप चालवायचा. दोन वर्षं कुवेतला काढीन आणि स्वतःचा ट्रक घेईन, एवढंच त्याचं म्हणणं.

रियाज उठला, खिडकीशी गेला. गल्ली ट्युशनच्या पोरांच्या सायकलींनी भरून गेली होती. तो परत येऊन बसला, पुन्हा उठला.

"काय म्हणायलेत?" सुलतानबीनं विचारलं.

"अध्यक्ष म्हणतो, लढाई बरोबरच होती. काम पुरं केल्याबिगर माघार न्हाई."

"आन् तुझा?"

"लढाईत पडणंच चूक होतं म्हणतो."

"शहाणा दिसतो," ती म्हणाली आणि यासेरकडं बघितलं. यासेरनं चेन अर्ध्यावर सोडली आणि तोही पडद्याकडं बघू लागला.

तेवढ्यात तो प्रश्न आला. फौज कधी परत आणणार? रियाज पुढं वाकला. त्याच्या उमेदवारानं घोटभर पाणी घेतलं आणि सांगितलं की, पळून यायचा प्रश्नच नाही. ही लढाई जिंकायची आहे आणि ती आपणच जिंकून दाखवू. तो हे ठासून बोलला.

"काय म्हणला?" सुलतानबीनं विचारलं.

रियाजनं टीव्हीवरची नजर काढली नाही. "बंद करतो म्हणला."

"शुक्र हाय अल्लाचं." सुलतानबी गुडघ्यावर हात टेकून उठली आणि बॅगेचा पट्टा धरून आत ओढू लागली. "काढ ती कपडे. चुरगळतील."

यासेर जागचा हलला नाही.

"भाई," तो हळू म्हणाला, "त्यानं 'विन' म्हणलं, जिंकायचं म्हणून. दोनदा. मी क्रिकेट बघतो. एवढं इंग्रजी मलाबी कळतं."

सुलतानबीनं एकदा थोरल्याकडं पाहिलं, एकदा धाकट्याकडं. पट्टा तिच्या हातातच होता.

"म्हंजे दोघं एकच म्हणायलेत," ती म्हणाली. "मंग भांडायलेत कशापायी?"

"हा नीट लढीन म्हणतो, अम्मा. फौजेच्या गाड्यांना जाड पत्रा लावीन म्हणतो."

"पाण्याच्या ट्रकला बी?" यासेरनं विचारलं. त्यात टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता.

"ट्रकचं न्हाई बोलला."

"तरीबी वोट त्यालाच द्या, भाई. पत्र्याचं निघालंय तर कवातरी ट्रकबी आठवंल त्याला."

त्यानं उरलेली चेन लावली. सुलतानबीनं दुआ पुटपुटत त्याच्या तोंडावरून हात फिरवला, सुखरूप परतावा म्हणून दंडाला हिरवी पट्टी बांधली, गाठ सुटेल म्हणून पुन्हा एकदा बांधली. यासेर चपला घालून गल्लीत उतरला. सायकलींमुळं रिक्षा आत येणार नव्हती, कोपऱ्यापर्यंत चालतच जायचं होतं. रियाजनं बॅग खांद्यावर घेतली. ती वाटली त्याहून हलकी होती. तो उंबरठ्यात पोचला तेव्हा मागून टाळ्यांचा आवाज आला.

टीव्हीवरचा वाद संपला होता. दोघं मधोमध येऊन हात मिळवत होते. एकानं दुसऱ्याच्या दंडावर थाप मारली. दोघांच्या बायका, लेकी मंचावर आल्या, एकमेकींशी हसून बोलू लागल्या.

सुलतानबी पडद्याजवळ गेली, अगदी काचेला नाक लागेल इतकी.

"रियाज, मिटलं बघ त्यांचं," ती म्हणाली. "हाक मार यासेरला."