भंगारातली सवत

यांनी घरीच स्पीकर बनवला. पेटी आमच्या मोडक्या कपाटाच्या फळ्यांची, आतलं सामान भंगारात मिळालेल्या जुन्या रेडिओचं. कुठलंही गाणं लावा, मागून एक बाई गुणगुणायची.

"एखादी वायर सैल असेल," हे म्हणाले. पण दुरुस्तीला हात लावतील तर शपथ! उलट गाण्याचा आवाज रोज थोडा कमी करून पेटीला कान लावून बसायला लागले. माझ्याशी दोन शब्द बोलायला मात्र वेळ नाही.

आज दुपारी मी कात्रीने वायरच कापली. म्हटलं, बस आता गुणगुणत.

संध्याकाळी यांनी बटण दाबलं. गाणं लागलं नाही. गुणगुणणं लागलं.

हे पेटीवर वाकून हसले. "बोल ना."

"अहो, हळू," पेटीतून आवाज आला. "ती दारात उभी आहे."